जबड्याआधीचे शिकारी

मार्च १८२६. तंजावरच्या राजवाड्यात तुम्ही एका खांबाला टेकून उभे आहात. दरबारात कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर आले आहेत आणि सरफोजीराजे त्यांच्याशी इंग्रजीत बोलत आहेत. राजांचे वय अठ्ठेचाळीस. बोलता बोलता ते लावाझिएचे रसायनशास्त्र काढतात, लिनियस आणि ब्युफाँ यांचे दाखले देतात, आणि बिशपसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा होतो. या भेटीबद्दल हेबर लवकरच कौतुकाने लिहितील. त्यांच्याकडे दिवस मात्र थोडे आहेत. ३ एप्रिलला तिरुचिरापल्लीत त्यांचा मृत्यू होणार आहे, आणि हे या दरबारात फक्त तुम्हाला ठाऊक आहे.

तुम्ही हळूच सटकता आणि सरस्वती महालात शिरता. ताडपत्रांचे गठ्ठे, मोडीची दप्तरे, विलायतेहून मागवलेले जाडजूड ग्रंथ. याच संग्रहात डोळ्यांच्या रुग्णांची टिपणे आहेत. कागदावर रुग्णाचा डोळा रंगवलेला, सोबत आजाराची आणि उपचाराची नोंद. आधी अवयव नीट बघायचा, मग तो काय काम करतो ते विचारायचे, ही इथली रीत. ती बरोबर घ्या. आज ज्यांना भेटायला जायचे आहे त्या प्राण्यांचे नाव इथल्या एकाही पुस्तकात नाही. ते ज्या काळात राहतात त्या काळालाच अजून नाव मिळालेले नाही. ॲडम सेजविक १८३५ मध्ये त्याला ‘कॅम्ब्रियन’ म्हणेल. सरफोजीराजांना जाऊन तेव्हा तीन वर्षे झालेली असतील.

लिनियसने केलेले प्राण्यांचे सहा वर्ग मात्र मनात घोळवत ठेवा: सस्तन, पक्षी, उभयचर, मासे, कीटक, कृमी. ते पुढे लावून बघायचे आहेत.

आता खाली उतरा. फरसबंदी मागे पडते आणि कावेरीचा गाळ लागतो. या खोऱ्यात तेलासाठी विहिरी खोदणाऱ्यांना पुढचा रस्ता ओळखीचा आहे. नदीच्या गाळाखाली समुद्राचा गाळ आहे. क्रिटेशस काळात इथे समुद्र होता, आणि तंजावरच्या उत्तरेला अरियलूरच्या उघड्या खडकांत त्या समुद्रातले अमोनाइट आजही सापडतात. त्याच्याही खाली गेलात की गाळ संपतो आणि कठीण स्फटिकी खडक सुरू होतो. मधल्या चाळीस कोटींच्या आसपास वर्षांचे इथे पानच नाही.

५१ कोटी ८० लाख वर्षे मागे येऊन डोके वर काढता, तर समुद्राचा पत्ता नाही. चहूकडे उघडेबोडके डोंगर. दक्षिण तमिळनाडूच्या खडकांतले झिरकॉनचे कण सांगतात, की साधारण ५५ ते ५२ कोटी वर्षांपूर्वी हा सगळा भाग प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत भाजून निघाला. भूखंडे एकमेकांवर आदळत होती आणि गोंडवन महाखंड सांधले जात होते. एका बाजूला मादागास्कर, दुसऱ्या बाजूला अंटार्क्टिका, शेजारी श्रीलंका, सगळे एकमेकांना चिकटलेले. भविष्यातल्या तंजावरचा पाया या डोंगरांच्या पोटात कित्येक किलोमीटर खोल शिजतो आहे.

श्वासासाठी तोंडावर मुखवटा चढवा आणि तो काढू नका. हवेत प्राणवायू आजच्यापेक्षा कमी आहे आणि कार्बन डायऑक्साइड कितीतरी जास्त. जमिनीवर वनस्पती यायला अजून सुमारे पाच कोटी वर्षे आहेत. मुळेच नाहीत, त्यामुळे माती धरून ठेवणारे काही नाही. पाऊस पडला की डोंगर धुऊन निघतात आणि नद्या नुसता चिखल वाहतात. पृथ्वी जास्त वेगाने फिरते आहे, म्हणून दिवस आणि रात्र मिळून एकवीस-बावीस तासांतच उरकतात.

शिकारी बघायचे असतील तर उत्तरेला चला. भारताची उत्तर कड हा तेव्हा गोंडवनाचा किनारा आहे. त्यापुढच्या समुद्राचा तळ फार नंतर हिमालयात उचलला जाणार आहे, आणि म्हणूनच स्पितीच्या दऱ्यांत कॅम्ब्रियन काळातले ट्रायलोबाइट सापडतात. किनारा मागे टाकून पुढे गेलात की दक्षिण चीनचा भूखंड लागतो. तो तेव्हा भारताच्या बराच जवळ होता, असे अनेक भूशास्त्रज्ञ मानतात. त्याच्या कडेला उथळ पाणी आहे आणि एक नदी तिथे समुद्राला मिळते. आजच्या नकाशात हे युन्नानमधले चेंगजियांग. १९८४ मध्ये होउ श्यान्ग्वांग यांना इथल्या माओतियान टेकडीवर मऊ शरीराच्या प्राण्यांचे ठसे सापडले, आणि २०१२ मध्ये ही जागा जागतिक वारशाच्या यादीत गेली. इथे नदीचा त्रिभुज प्रदेश होता हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. म्हणजे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातून निघालेले तुम्ही दुसऱ्या एका त्रिभुज प्रदेशात पोचला आहात. मुखवटा घट्ट करा आणि पाण्यात शिरा.

पाणी कोमट आणि गढूळ आहे. नुकतेच वादळ होऊन गेले असावे. नदीने आणलेला बारीक गाळ सावकाश खाली बसतो आहे. याच गाळात हे सगळे एक दिवस झाकले जाणार आहेत आणि म्हणूनच तुम्हाला त्यांची माहिती आहे.

पाय ठेवताना तळाकडे बघा. चिखलातून एक जाडसर कृमी डोके बाहेर काढतो आहे. हा प्रायापुलिड. त्याच्या डोक्यात खेचून घेतलेली एक सोंड आहे. ती आतली बाजू बाहेर करत उलटते, आणि उलटताना तिच्यावरचे आकडे आणि दात ओळीओळीने वर येतात. भक्ष्याला आकडे रुतले की सोंड पुन्हा आत ओढली जाते आणि भक्ष्यही तिच्याबरोबर आत जाते. वरून खाली मिटणारा जबडा इथे नाही. घशाचेच हत्यार केलेले आहे.

तुमच्या खांद्याजवळून जवळजवळ पारदर्शक असे काहीतरी सुळकन जाते. हा बाण-कृमी. याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाकडे काटे आहेत. पोहताना ते मिटलेले असतात, झडप घालताना उघडतात. हे काटे शिकारीच्या सर्वांत जुन्या हत्यारांपैकी आहेत. कॅम्ब्रियनच्या अगदी सुरुवातीच्या थरांत प्राण्याचा मागमूस नसतानाही नुसते असे काटे मिळतात. उत्तर ग्रीनलंडच्या खडकांतून या घराण्याचा एक मोठा नातेवाईक २०२४ मध्ये जगासमोर आला. त्याचे नाव टिमोरेबेस्टिया. तो जवळजवळ एक फूट लांब होता. त्याच्या पोटात आयसॉक्सिस या छोट्या, कवचधारी पोहणाऱ्या प्राण्यांचे अवशेष होते. संशोधकांनी त्यावरून असे मांडले, की सांधेपाद प्राण्यांनी समुद्राचा ताबा घेण्याआधी वरच्या पायरीवर काही काळ कृमी बसले असावेत.

चिखलावरून एक ट्रायलोबाइट सरपटत येतो आहे. हा इओरेडलिचिया. त्याच्या घराण्याला ज्याच्यावरून नाव मिळाले तो रेडलिचिया पहिल्यांदा वर्णिला गेला तो भारतीय उपखंडातल्याच नमुन्यांवरून. मिठाच्या डोंगररांगेतले, म्हणजे आज पाकिस्तानात असलेल्या खडकांतले ते नमुने कार्ल रेडलिच यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केले होते. प्राणी उचला आणि उलटा करा. पायांच्या दोन रांगा दिसतील आणि मधोमध एक पन्हळ. तोंड कुठे आहे ते शोधू नका, आधी पाय बघा. प्रत्येक पायाच्या मुळाशी, शरीराला लागून, काटेरी पट्टी आहे. डावा आणि उजवा पाय हलला की या पट्ट्या समोरासमोर येऊन घासतात. अन्न मागच्या पायांपाशी पकडले जाते, मधल्या पन्हळीतून पुढे सरकत कुटले जाते आणि तोंडापाशी पोचेपर्यंत त्याचा चुरा झालेला असतो. हा प्राणी मांड्यांनी चावतो. ऑस्ट्रेलियाच्या कांगारू बेटावर याचा एक भाईबंद मिळाला आहे, रेडलिचिया रेक्स. लांबी सुमारे तीस सेंटीमीटर आणि मांड्यांवरचे काटे चांगले जाड. त्याच थरांत ट्रायलोबाइटच्या कवचाच्या तुकड्यांनी भरलेली विष्ठाही मिळाली आहे. ट्रायलोबाइट म्हणजे इतरांचे खाद्य, एवढीच ओळख तुमच्या मनात असेल तर ती इथे सोडून द्या.

सावली पडते. वर बघा.

प्राणी संथपणे येतो आहे. दोन्ही बाजूंना एकामागून एक अशा पंखाळ्या आहेत, आणि त्यांच्यातून लाट पुढून मागे जात राहते. चालायचे पाय नाहीत. डोळे देठांवर आहेत आणि ते वळतात. डोक्याच्या खालून पुढे दोन सांधेदार हात आले आहेत. हा अँप्लेक्टोबेलुआ. हात नीट बघा. खंडाला खंड जोडलेला आहे आणि जवळजवळ प्रत्येक खंडाला आतल्या बाजूने काटे आहेत. पण मुळाजवळचा एक काटा बाकीच्यांच्या मानाने फार लांब आहे. हाताचा शेंडा वळून त्या काट्यावर येतो आणि सांडशीची दोन पाती मिटावीत तसे ते दोन्ही मिटतात. एकदा यात सापडलेली वस्तू निसटत नाही.

आता लिनियस काढा. सांधेदार हात आहेत, म्हणजे कीटक, कारण खेकड्या-कोळंब्यांनाही तो त्याच वर्गात घालतो. पण हात सोडले तर बाकीचे अंग मऊ आहे, म्हणजे कृमी. पोहण्यात तो माशालाही मागे टाकेल. सहांपैकी एकही वर्ग पुरा बसत नाही, आणि यात लिनियसचा दोष नाही. कीटक, खेकडे आणि कोळी यांच्या पूर्वजांच्या वाटेवरून बाजूला फुटलेली ही फांदी आहे. अंगभर कवच आणि सांधेदार पाय येण्याआधी, फक्त शिकारीला लागणाऱ्या पहिल्या जोडीपुरते सांधे इथे तयार झाले आहेत. या गटाला रेडिओडॉन्ट म्हणतात, आणि हे नाव तोंडाभोवती किरणांसारख्या मांडलेल्या दातेरी पट्ट्यांवरून आले आहे.

ते तोंड बघायचे तर प्राण्याच्या खाली जावे लागेल. गटातल्या बहुतेकांच्या पोटाकडच्या बाजूला पट्ट्यांचे कडे असते, काही मोठ्या आणि मधे लहान, सगळ्यांचे दात मध्याकडे वळलेले. ते मिटले तरी मधे भोक राहते. म्हणजे तुकडा तोडण्यापेक्षा आत ओढून घेणे आणि चुरडणे हे त्याचे काम असावे. अँप्लेक्टोबेलुआ मात्र इथेही वेगळा. त्याला असे ठरीव कडे नाही. तोंडाच्या मागे, मानेच्या भागात, ट्रायलोबाइटच्या मांड्यांची आठवण करून देणाऱ्या दातेरी पट्ट्यांच्या जोड्या आहेत. २०१७ मध्ये त्यांचे वर्णन आले. चिमट्याने पकडायचे आणि मानेखालच्या पट्ट्यांनी कुटायचे. इतक्या जुन्या काळात पकडण्याचे आणि चावण्याचे काम दोन अवयवांत वाटलेले आहे.

तो पुढे गेला की त्याच्या मागून आणखी एक येतो, हौकॅरिस. २०२१ पर्यंत हा ॲनोमॅलोकॅरिस या प्रसिद्ध नावाखालीच गणला जाई. याच्या हातांत चिमटा नाही. हात लांब आहेत, काटे जोडीजोडीने आहेत आणि ते आत वळून भक्ष्याला वेढतात. तुमच्या डोक्यात एक चित्र असेल: असा राक्षस ट्रायलोबाइटचे कवच कडाकड फोडतो आहे. पुस्तकांतून ते वर्षानुवर्षे छापले गेले. कॅनडातल्या ॲनोमॅलोकॅरिसच्या हाताचे संगणकावर प्रतिरूप करून, त्यावर किती ताण येतो ते २०२३ मध्ये मोजले गेले. निष्कर्ष असा, की कठीण कवच पकडून दाबले असते तर हातालाच इजा झाली असती. लांब पसरलेले हात पाण्यातून वेगाने नेण्यासाठी चांगले होते, म्हणून त्याचे खाणे मऊ आणि चपळ असावे. ट्रायलोबाइटच्या अंगावरच्या चाव्याच्या खुणांचा गुन्हेगार बहुधा दुसरा कोणी आहे, आणि संशयितांत ट्रायलोबाइटही बसतात.

चपळ भक्ष्य पकडायचे तर नजर हवी. कांगारू बेटावरच्या ॲनोमॅलोकॅरिसचे डोळे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. एकेक डोळा दोन-तीन सेंटीमीटरचा आणि त्यात सोळा हजारांहून अधिक भिंगे. सरस्वती महालातल्या चिताऱ्याला हा डोळा रंगवायला बसवले असते, तर त्याचा कुंचला आठवडाभर खाली आला नसता.

हौकॅरिस अचानक वळतो. त्याच्या पुढे बोटाएवढे काहीतरी धडपडत पळते आहे. त्याला पाठीचा आधारदंड आहे, कल्ले आहेत, डोके आहे, पण जबडा नाही. हा मिलोकुन्मिंगियाच्या जातकुळीतला, आणि या सगळ्या पाण्यात तुमच्या नात्यातला असा तोच आहे. त्याच्या वंशजांना जबडे फुटायला अजून सात-आठ कोटी वर्षे जायची आहेत. तोवर या बाजूने खेळायचा डाव एकच, पळायचा. त्याला चिखलाच्या ढगात शिरू द्या आणि तुम्हीही निघा.

पुढचा मुक्काम ग्रीनलंडच्या उत्तर टोकाचा. सिरियस पासेटचे खडकही जवळजवळ याच वयाचे आहेत, आणि योगायोग असा की ही जागाही १९८४ मध्येच शोधली गेली. बर्फाची तयारी नको, कारण तो भूखंड तेव्हा उष्ण पट्ट्यात आहे. इथले पाणी हलके धुरकट दिसते. मुखवट्याची काच पुसलीत तरी धुरकटपणा जात नाही, कारण तो पाण्यातच आहे. असंख्य सूक्ष्म जीव तरंगत आहेत.

त्यांच्यातून टामिसिओकॅरिस जातो आहे. हा रेडिओडॉन्टच, हात त्याच जातीचे, पण काट्यांचे काय झाले ते बघा. ते लांब आणि बारीक झाले आहेत, आणि प्रत्येकाच्या दोन्ही कडांना आणखी बारीक काटे फुटले आहेत. शेजारशेजारच्या काट्यांचे उपकाटे एकमेकांत गुंततात आणि हात पसरला की जाळी तयार होते. तिच्या फटी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आहेत. हा प्राणी भक्ष्याचा पाठलाग करत नाही. हात उघडतो, पाण्यातून ओढतो, आळीपाळीने तोंडाकडे वळवतो. २०१४ मध्ये हे वाचन प्रसिद्ध झाले तेव्हा त्याबरोबर समुद्राबद्दलही एक गोष्ट कळली: चाळून खाणारा एवढा प्राणी जगत होता, तर पाण्यात चाळण्यासारखे भरपूर होते. शिकाऱ्याचे हत्यार नीट बघितले की त्याच्या ताटात काय होते तेही कळते.

परत येताना तीन ठिकाणी डोकवा. १८९२: कॅनडाच्या भूगर्भ सर्वेक्षणातले जोसेफ व्हाइटीव्ह्ज माउंट स्टीफनवरच्या एका जीवाश्माचे वर्णन लिहीत आहेत. त्यांना ते बिनडोक्याच्या कोळंबीचे धड वाटते, म्हणून त्याचे नाव ॲनोमॅलोकॅरिस, म्हणजे विचित्र कोळंबी. तो खरे तर सुटा पडलेला हात आहे. १९११: चार्ल्स वॉलकॉट बर्जेस शेलच्या खडकांतले एक गोल कडे जेलीफिश म्हणून नोंदवतात. ते तोंड आहे. त्याच वर्षी एक चेपलेले शरीर ते समुद्रकाकडी म्हणून नोंदवतात. १९८५: हॅरी व्हिटिंग्टन आणि डेरेक ब्रिग्ज दाखवतात, की कोळंबी, जेलीफिश आणि समुद्रकाकडी हे एकाच प्रकारच्या प्राण्याचे भाग आहेत. तरी काम पुरे झाले नव्हते. ॲनोमॅलोकॅरिसला चिकटवलेले तोंड त्याच्या चुलत भावाचे, पेटोइयाचे होते, हे २०१२ मध्ये उघड झाले. ॲनोमॅलोकॅरिसच्या स्वतःच्या कड्यात तीन मोठ्या पट्ट्या असतात, पेटोइयाच्या कड्यात चार. हात आणि तोंड यांची गाठ घालायला एकशेवीस वर्षे लागली.

आता तंजावरला या, पण आजच्या. राजवाड्यातल्या संग्रहालयात एक प्रचंड सांगाडा मांडलेला आहे. १९५५ मध्ये तरंगमबाडीच्या किनाऱ्याला लागलेला हा देवमासा. त्याची लांबी ९२ फूट सांगितली जाते, आणि एवढी लांबी निळ्या देवमाशाच्याच आवाक्यातली. सरफोजीराजांची रीत लावा. खालच्या जबड्याची दोन हाडे बाहेरच्या बाजूला कमानदार वाकलेली आहेत, म्हणजे तोंडात पाणी मावायला जागा हवी होती. दात शोधाल तर एकही नाही. जिने तो खात असे ती बलीनची जाळी वरच्या जबड्यातून लोंबत असते, पण ती नखांच्या द्रव्याची, हाडांची नव्हे. म्हणून नुसत्या हाडांवरून ती दिसत नाही. इथे शरीर उरले आणि चाळण गेली. टामिसिओकॅरिसचे नेमके उलटे आहे: त्याची चाळण दगडात राहिली आणि बाकीच्या शरीराचे फारसे काही हाती लागलेले नाही.

दोघांचे नाते नाही, मधे पन्नास कोटी वर्षे आहेत, आणि वाट मात्र एकच आहे. टामिसिओकॅरिस पकडून खाणाऱ्यांच्या घराण्यातून आला, देवमासाही दात असलेल्या शिकाऱ्यांपासून आला. बलीनवाल्या देवमाशांच्या गर्भाला आजही दातांचे अंकुर फुटतात आणि जन्माआधीच जिरून जातात. समुद्र चाळून खाणाऱ्या या महाकाय, निरुपद्रवी दिसणाऱ्या जिवांची वंशावळ मागे मागे वाचत गेलात, तर मूळ पुरुष शिकारीच निघतो.